सोळा तासांचा कागद

साहेब, तुम्ही आळशी आहात. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की तुम्ही बदली करून घ्याल, आणि खुर्ची होती तशीच राहील. पण बोलणं तुमच्याशीच चाललंय. लंकाबाई गव्हाणे या बासष्ट वर्षांच्या बाईच्या नावापुढं तुम्ही ‘आरोपी’ लिहिलंत, आणि शंका घेणारा अर्ज आला तेव्हा इंटरनेटवरून काढलेला एक कागद त्याला टाचून फाईल मिटवलीत. कागदावर दोन विमानतळांची नावं होती, मधलं अंतर होतं आणि प्रवासाला लागणारा वेळ होता. सोळा तास. त्या सोळा तासांत तुम्ही एका बाईचं आयुष्य बसवलंत. कसं बसवलंत ते आता सगळ्यांसमोर वाचा.

१

नगरजवळ भिंगारच्या बाजारात सुकन्याचं दुकान आहे. झेरॉक्स, फोटो, रेल्वेचं आणि विमानाचं तिकीट. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. भिंतीवर तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय : ‘विमानाची वेळ म्हणजे घरी पोचायची वेळ नव्हे.’ त्यामागं एक गोष्ट आहे. दुकान नवीन असताना आसामात तेजपूरला असलेल्या एका जवानानं फोनवर विचारलं होतं, घरी किती तासांत पोचेन? हिनं कंप्युटरवर अंतर बघून सांगितलं, चार तास. घरच्यांनी तेवढ्या हिशोबानं वडिलांचं मढं ठेवलं. जवान दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चिता विझलेली होती. तो दुकानात आला आणि नुसता बघून गेला. तेव्हापासून ती पाटी आहे.

मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी लंकाबाई दुकानात आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढला.

“हे वाच. आन् बरं वाटावं म्हनून खोटं सांगू नको.”

सुकन्यानं वाचलं. सावेडीतले निवृत्त शिक्षक रविकांत मुळे, वय एक्क्याऐंशी. तीस एप्रिल, बुधवार, सकाळी पावणेसात वाजता मृत्यू. कामवाल्या बाईनं सव्वासहाला इन्सुलिनचा दुप्पट डोस दिल्याचा आरोप. तक्रार देणारा पुतण्या, आदिनाथ मुळे. लंकाबाईनं सोमवारी चौकीत हजर राहावं.

“सोमवारी आत टाकत्यात का?”

“टाकू शकतात, मावशी.”

लंकाबाई बाकावर बसली. मग म्हणाली, “पाच घरांत म्हातारी मानसं सांभाळत हुते. चार घरं बंद झाली. पाचव्या घरची बाई म्हनती, मावशी, तुमी पोळ्या करा, पन आजीला हात लावू नका. चौदा वरसं सुई टोचतीय मी. हात लावू नका!”

मुळे सर सुकन्यालाही भूगोल शिकवायला होते. वर्गात पृथ्वीचा गोल फिरवत म्हणायचे, “पंधरा अंशाला एक तास. सूर्य एकाच वेळी सगळ्यांकडं जेवायला येत नाही, बाळांनो.” तिला ते आठवलं, आणि तिनं वही ओढून घेतली.

“तुम्ही त्या सकाळी सुई टोचली?”

“न्हाई.”

“मग पोलिसांना वापरलेली सुई सापडली म्हणून लिहिलंय, ती?”

“ती आदल्या सांजची. सकाळी टोचायला माणूस जित्ता नको का?”

२

लंकाबाईनं सांगितलं ते असं. सरांचं डावं अंग लुळं. उठून एक पाऊल टाकता येत नव्हतं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेसहाला लंकाबाईची खेप असायची, मधे बाकीची घरं. बाकी वेळ पुतण्या आदिनाथ आणि त्याची बायको मोनिका बघायचे. संध्याकाळची सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर साखर खाली पडते. म्हणून ती सुई टोचायची, मोनिका ताट वाढायची, मग ही निघायची.

“मंगळवारी मोनिका म्हनली, मावशी, तुमी जा, ताट मी देते. सातला धा कमी हुते. मी सुई टोचली आन् निघाले.”

“आणि बुधवारी?”

“बुधवारी आखिती. मी चालत गेले, सहाला पोचले. मोनिकानं दार उघडलं. म्हनली, झोपलेत, उठवू नका. मी तरी हात लावला. लाकूड गं! कोपरातनं वाकंना. पोलिसाला सांगितलं, तर त्यो म्हनतो, बाई, तू डॉक्टर हाईस का?”

सुकन्यानं वहीत लिहिलं. पावणेसातला मेलेला माणूस सहाला ताठ कसा?

“डॉक्टर आले नव्हते?”

“नऊला आले. दारातनंच बघितलं. आदिनाथनं सांगितली ती येळ लिवली आन् गेले. चपला बी काढल्या न्हाईत.”

“अजून काही? काहीही. येडपट वाटलं तरी सांगा.”

लंकाबाईनं डोळे बारीक केले. “सैपाकघरात सरांचं ताट झाकून ठेवल्यालं. वरन-भात, घोसाळ्याची भाजी. शिळं. एक घास मोडला नव्हता. आन् मोनिकाच्या कानामागं हळद हुती.”

“हळद?”

“हळद. मेल्याल्या घरात, सकाळच्या पारी, कानामागं हळद! मी म्हनलं, हिला न्हानं सुचलं न्हाई का काय.”

३

शनिवारी सकाळी सुकन्या सावेडीला गेली. जुनी विद्यार्थिनी भेटायला आली, एवढंच निमित्त.

आदिनाथ पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. काकांच्या फोटोला ताजा हार होता. मोनिकानं चहा आणला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“आदल्या रात्री कसे होते सर?” सुकन्यानं विचारलं.

“ठणठणीत हो! वरण-भात जेवले, माझ्याशी गप्पा मारल्या, साडेनऊला झोपले. आम्ही दोघं इथंच होतो. पोलिसांनाही हेच सांगितलंय. काय सांगू मॅडम, त्या बाईवर विश्वास टाकला.”

“आणि राजस कधी आला?”

राजस म्हणजे सरांचा एकुलता मुलगा. अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला. बंगला त्याच्या नावावर. काकांना एक क्षण एकटं सोडायचं नाही, या एका अटीवर आदिनाथ आणि मोनिका तिथं राहात होते. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

“सकाळी काका गेले, लगेच त्याला फोन लावला. गुरुवारी सकाळी नऊला पोरगा दारात! एवढ्या लांबून! मग अग्नी दिला. कॉलनी बघतच राहिली.”

सुकन्याही बघत राहिली, पण कपाटाकडं. कपाटावर भलीमोठी निळी बॅग होती. आपल्याकडं फॉरेनहून आलेल्या बॅगेचा टॅग कुणी काढत नाही. तो पांढरा कागद मळतो, फाटतो, तरी मुठीला लोंबकळत ठेवतात. लग्नाला, यात्रेला ती बॅग घेऊन जातात, टॅग पुढं करून. राजस बॅग इथंच टाकून परत गेला होता आणि आदिनाथनं ती हॉलमध्ये सगळ्यांना दिसेल अशी मांडली होती.

“छान आहे बॅग.”

“ओरिजनल आहे,” आदिनाथ खूश झाला. “बघा ना, बघा.”

तिनं बघितली. फोटोही काढला. सॅन फ्रान्सिस्कोहून दुबई, दुबईहून मुंबई. विमानाचे नंबर. आणि तारीख.

एकोणतीस एप्रिल.

सर गेले तीस तारखेला. मुलगा निघाला एकोणतीसला.

४

साहेब, इथं तुम्ही येता.

त्याच दुपारी सुकन्या अर्ज आणि फोटो घेऊन तुमच्यासमोर उभी राहिली. बसा म्हणाला नाहीत. फोटो बघितलात आणि हसलात.

“तिकिटं विकता ना तुम्ही? मग एवढं कळत नाही? इथं तीस तारखेची सकाळ असते तेव्हा तिथं एकोणतीसची संध्याकाळ असते. आपण साडेबारा तास पुढं आहोत.”

सुकन्याचे कान लाल झाले. बरोबर होतं. सरांनी आठवीत शिकवलं होतं आणि आज ती तारखेला भुलली होती.

“तरी इतक्या लवकर तो पोचला कसा, साहेब?”

तुम्ही कंप्युटरवर दोन विमानतळ टाकलेत. सॅन फ्रान्सिस्को ते पुणे. साडेतेरा हजार किलोमीटर. सोळा तास. बटण दाबलंत, कागद बाहेर आला.

“मयत बुधवारी पावणेसातला. मुलगा गुरुवारी नऊला घरी. सव्वीस तास झाले. विमानाला लागतात सोळा. दहा तास वर उरतात, ताई. दहा तासांत माणूस शिर्डीला जाऊन दर्शन घेऊन येईल.”

शेजारचा हवालदार हसला. तुम्ही तो कागद अर्जाला टाचलात. वर लिहिलंत, तथ्य नाही.

५

सुकन्या दुकानात परत आली आणि आपल्याच पाटीखाली बसली. लंकाबाई बाकावर वाट बघत होती.

“काय म्हनले?”

“हसले.”

“हसूं देत. माझ्यावर समदं नगर हसतंय.”

सुकन्याची नजर भिंतीवर गेली. विमानाची वेळ म्हणजे घरी पोचायची वेळ नव्हे. तेजपूरचा जवान आठवला. तिनं तेव्हा केलेली चूक साहेबांनी आज दुपारी, तिच्या देखत, जशीच्या तशी केली होती. तो कागद नकाशावर सरळ रेघ ओढतो. रेघेला घरातून निघावं लागत नाही, रांगेत उभं राहावं लागत नाही, दुबईला बसून राहावं लागत नाही. आणि मुंबईहून घाट चढून नगरला तर कुठलीच रेघ येत नाही.

तारीख सोडून दिली. तिनं टॅगवरचा विमानाचा नंबर घेतला आणि वेळापत्रक उघडलं. ते विमान रोज एकदाच उडतं. दुपारी पावणेचारला.

“मावशी, बोटं मोजा माझ्याबरोबर. तिकडं मंगळवारची दुपार, पावणेचार. त्यात साडेबारा तास मिळवा.”

“किती झालं?”

“आपल्याकडं बुधवारची पहाट. सव्वाचार.”

लंकाबाईला पटकन कळलं नाही. मग कळलं. “सर पावनेसातला गेले म्हनतोय ना त्यो?”

“हो. आणि मुलगा त्याच्या अडीच तास आधी हवेत होता. बापाच्या मरणाचा फोन विमानात घेतला की काय त्यानं?”

सुकन्या आता थांबेना. परदेशी जाणाऱ्या विमानाला तीन तास आधी पोचावं लागतं. राजसच्या घरापासून विमानतळ दीड तास धरला. म्हणजे आपल्या घड्याळानं तो मंगळवारी रात्री पावणेबाराला घराबाहेर पडला होता. त्याआधी तिकीट काढलं, कपडे भरले. म्हणजे फोन गेला रात्री दहा-साडेदहाला. आणि पुढचा हिशोबही जुळला : दुबईपर्यंत पावणेसोळा तास, तिथं तीन तास, मुंबईपर्यंत तीन, सामान आणि शिक्के दीड तास, गाडीनं साडेपाच. गुरुवारी सकाळी नऊ वाजता दारात. एक मिनिट इकडंतिकडं नाही.

“मग त्यानं रातीच फोन केला,” लंकाबाई म्हणाली. “पन पोरगं म्हनंल, बाप आजारी हुता म्हनून निगालो.”

सुकन्यानं तिच्याकडं बघितलं. “मावशी, वकील व्हायला पाहिजे होतात तुम्ही.”

खरंच, तेवढी एक फट उरली होती. ती बुजवणारा माणूस एकच होता, आणि तो साडेतेरा हजार किलोमीटरवर होता.

६

रविवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री साडेआठला, सुकन्यानं राजसला फोन लावला. नंबर शाळेच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर मिळाला. फोन चालू असतानाच ती लंकाबाईला घेऊन सावेडीच्या बंगल्यात शिरली. आदिनाथ पेपर वाचत होता. लंकाबाईला बघून उभा राहिला.

“हिला कशाला आणलंत घरात?”

“चहा प्यायला न्हाई आले,” लंकाबाई म्हणाली.

सुकन्यानं फोन टीपॉयवर, स्टीलच्या तांब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर राजस दिसला. दाढी वाढलेली.

“राजस, मंगळवारी तुला आदिनाथचा फोन आला तेव्हा तुझ्याकडं किती वाजले होते?”

“सकाळचे दहाला दहा कमी. मीटिंगमध्ये होतो.”

“म्हणजे इथं रात्रीचे दहा वीस. काय म्हणाला तो?”

“म्हणाला, काका सिरियस आहेत, असशील तसा निघ. मी आल्यावर त्यानं सांगितलं की रात्री बिघडले होते, मग सावरले, आणि सकाळी बाईंनी... ” तो थांबला. “का?”

“कारण पोलिसांना यानं लिहून दिलंय की रात्री सर ठणठणीत होते. वरण-भात जेवले, गप्पा मारल्या, साडेनऊला झोपले.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

“आदिनाथराव,” सुकन्या म्हणाली, “सर ठणठणीत होते तर दहा वीसला पोराला अमेरिकेहून का बोलावलंत? आणि सिरियस होते तर डॉक्टर का नाही बोलावला? दवाखाना दोन चौकांवर आहे. दोन्हीपैकी एक काहीतरी निवडा.”

“गडबडीत... माणसाला काही सुचत नाही...”

“सुचलं की. परदेशातल्या माणसाला मेल्याचं फोनवर सांगत नाहीत आपल्याकडं. सिरियस आहे म्हणतात, म्हणजे तो धीरानं प्रवास करतो. तुम्ही रीत पाळलीत. भावाला अग्नी द्यायला वेळेवर आणायचं, म्हणून आधी फोन केलात. डोकं नंतर चाललं. ताटावरचं झाकण कुणी उचललं नव्हतं, आदिनाथराव. आणि वहिनी, घोडेगावला कुणाची हळद होती मंगळवारी?”

हे ती अंदाजानं बोलली होती. अखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नं ढीगभर, आणि मोनिकाचं आजोळ घोडेगावचं हे तिनं कॉलनीत विचारून ठेवलं होतं.

मोनिका दारातच खाली बसली.

“मामेबहिणीची,” ती म्हणाली. “मी ताट वाढून ठेवलं होतं. यांना म्हटलं, काकांना नेऊन द्या, मी साडी बदलते. हे गाडी काढायला गेले. यांना वाटलं मी दिलं. मला वाटलं यांनी दिलं. कुलूप लावून गेलो. आलो तेव्हा... गार पडले होते.”

“मोनिका!” आदिनाथ ओरडला.

“आता काय मोनिका? तुम्हीच म्हणालात, सकाळपर्यंत थांबू, बाई आली की बाई असताना गेले म्हणू! एवढंच म्हणाला होतात. पोलिसात कुणी जायला सांगितलं होतं तुम्हाला?”

“यानं विचारलं म्हणून!” आदिनाथनं फोनकडं बोट केलं. “रोज रात्री विचारायचा, कसे गेले, कशानं गेले. काय सांगणार होतो? एकटे गेले म्हणून? घराबाहेर काढलं असतं आम्हाला!”

पडद्यावर राजस हलत नव्हता. नेट अडकलं असं वाटलं. मग तो म्हणाला, “ताट किती लांब होतं त्यांच्यापासून?”

लंकाबाई उठली, स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून सरांच्या पलंगापर्यंत चालत गेली. पावलं मोजत.

“अकरा पावलं, दादा,” ती म्हणाली.

७

साहेब, सोमवारी लंकाबाई तुमच्या चौकीत हजर झाली. वेळेवर. बरोबर सुकन्या होती. हातात बॅगेच्या टॅगचा फोटो, विमानाचं वेळापत्रक, राजसच्या फोनमधली आदिनाथच्या कॉलची नोंद, घोडेगावच्या हळदीतले नाचतानाचे फोटो आणि मोनिकानं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेला जबाब. तुम्ही सगळं घेतलंत. पोचपावतीवर शिक्का मारलात. म्हणालात, तपास चालू आहे.

त्याला आज एक्केचाळीस दिवस झाले. लंकाबाईचं नाव तुमच्या कागदावर तसंच आहे. पाचव्या घरची आजी परवा पलंगावरून पडली. लंकाबाई पोळ्या लाटत होती, चार हातांच्या अंतरावर. तिनं उचललं नाही. हात लावायची परवानगी नव्हती. सुनेला हाका मारत राहिली.

तेरा हजार पाचशे किलोमीटरचा हिशोब तुम्ही एका बटणावर केलात. चौकीपासून लंकाबाईचं घर अडीच किलोमीटर आहे. मध्ये समुद्र नाही, दुबई नाही, रांग नाही. तिचं नाव त्या कागदावरून पुसलंय, एवढं सांगायला तुमचा माणूस तिच्या दारात कधी पोचणार?

तारीख सांगा आणि तास सांगा. कुठल्याही देशाच्या घड्याळानं सांगा, साहेब. सुकन्या बदलून घेईल.